रजेच्या अर्जातली आई

कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. भिलाईत मी एका ठेकेदाराच्या ऑफिसात कारकून होतो आणि संध्याकाळी रुआबांध्याकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मजुरांना इंग्रजी शिकवायचो. वीस-पंचवीस माणसं यायची, बहुतेक भंडारा-गोंदियाकडची, नांगर सोडून आलेली. आमच्या साहेबांना रजेचा अर्ज इंग्रजीतच लागे. म्हणून मी फळ्यावर इंग्रजीत नमुना लिहून दिला: माझी आई गंभीर आजारी आहे, कृपया चार दिवसांची रजा मिळावी. आईच का, तर आईला नाही म्हणायला कुणाचीच जीभ रेटत नाही. मला माझ्या हुशारीचं भारी कौतुक होतं.

सगळ्यांनी उतरवून घेतलं. एकाने मात्र पेन्सिल खाली ठेवली. आमगावकडचा, तिशीचा, वर्गात सगळ्यात सुंदर अक्षर त्याचं.

"मास्तर, माय त धडधाकट हाय. असं वंगाळ कावून लिवू? वास्तू तथास्तु म्हणते."

"इथे कुठली वास्तू? नुसते पत्रे आहेत," मी म्हणालो. वर्ग हसला. राग तेव्हा माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. मी त्याला ते वाक्य दहा वेळा लिहायला लावलं, वर सगळ्यांकडून एका सुरात म्हणवूनही घेतलं. त्याने मान खाली घालून लिहिलं.

मग अर्ज येऊ लागले. कुणाला लग्नाला जायचं, कुणाला धानाच्या रोवणीला. अर्जात मात्र सगळ्यांची आईच आजारी. त्यांना दुसरं वाक्य येत नव्हतं, कारण मी शिकवलंच नव्हतं. पहिले चार-पाच मंजूर झाले.

एका सकाळी त्या आमगावकडच्या माणसाचा अर्ज आला. गावाहून कुणी निरोप घेऊन आलं होतं, हे मला नंतर कळलं. अर्जात एकही चूक नव्हती. साहेब हसले. "फिर वही माँ," म्हणाले आणि कागद बाजूला टाकला. रजेशिवाय गेला तर त्याचं नाव कटणार होतं.

मी शेजारच्या टेबलावर टाइप करत होतो. ज्याने आजवर एकदाही ते खोटं वापरलं नाही, त्याने आज तेच लिहिलं म्हणजे ते खरं असणार, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. माझा एक शब्द पुरला असता. पण मग नमुना कुणाचा, हेही निघालं असतं. मी टाइप करत राहिलो. मी भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी बाजूला टाकलेला कागद शोधून सही केली. तो गावी पोचला तेव्हा राख सावडून झाली होती.

अजून कधी एकटा बसलो की तो वर्ग एका सुरात ते वाक्य म्हणतो. त्या घोळक्यात त्याचा आवाज मला वेगळा ऐकू येतो.

पंधरा दिवसांनी तो आला. मुंडण केलेलं. आपल्या जागी बसला, वही उघडली. मी माफी मागणार होतो, तेवढ्यात त्यानेच विचारलं, अगदी साधेपणाने, शंका विचारावी तसं:

"मास्तर, माय खरंच बिमार असली, त इंग्रजीत कसं लिवाचं?"

मी खडू उचलला आणि फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, सगळे उठून जाईपर्यंत.