हिरवं खलास

मंडळी, आज जेवण घशाखाली उतरत नाहीये.

बहरीनमध्ये ईसा टाउनला मुलाच्या खानावळीच्या दारात बसून मी गिऱ्हाइकांच्या मोबाईलवर कोरोना लसीची हिरवी खूण तपासतो; ती असेल तरच आत बसायचं. दुपारी मी आपला शाळेत पाठ केलेली कविता आठवण्यात हरवलेलो. ड्रायव्हर याकूब आला. डॉक्टरांनी त्याला लस मना केलीय, म्हणून कित्येक महिने बिचारा पार्सल नेऊन गाडीत जेवतो.

आज हसत म्हणाला, "काका, हिरवं खलास!"

मला वाटलं, नेहमीसारखंच, खूण नाही म्हणतोय. म्हटलं, "मग पार्सल घे."

"आज पण?" म्हणाला आणि उपाशीच निघून गेला.

मुलगा आतून ओरडला, "बाबा, सकाळपासून हिरव्या खुणेचा नियमच खलास झालाय!"

मी रस्त्यापर्यंत धावलो, पण गाडी गेली होती. उद्या त्याला आत बसवून मीच वाढणार आहे.

पण तो येईल का हो?