उद्गारचिन्हाचं बटण

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि पत्रकं लिहीत होतो. राज्य मराठी झालं होतं, कचेऱ्यांनी मराठीत कागद काढावेत असे हुकूम निघत होते, आणि बाबू लोक ते हुकूम इंग्रजीत टाइप करून फायलीला लावत होते. याच्या निषेधाची पत्रकं मी अकोल्याच्या गल्ल्यांतून हातोहात वाटायचो. जुन्या शहरात एक टायपिंग क्लास होता. त्याचे मास्तर वकिलाच्या घरातले, पण काळा कोट न घालता चार यंत्रं घेऊन बसलेले. एक दिवस माझं पत्रक वाचून त्यांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, बाबूंना शिव्या देण्याआधी या यंत्रावर एक ओळ काढून दाखव.

मी बसलो. अर्धा तास गेला, ओळ झाली नाही. मराठीची बटणं इंग्रजी यंत्राच्या सांगाड्यावर जिथे जागा मिळेल तिथे कोंबली होती. ज्या अक्षराशिवाय एक शब्द सरत नाही ते करंगळीच्या पलीकडे, आणि महिन्यातून एकदा लागणारं ते पहिल्या बोटाखाली. वर प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एका यंत्रावर हात बसलेला माणूस दुसऱ्यावर पुन्हा चाचपडणार. मला संताप आला. ज्यांनी हे बसवलं त्यांनी टाइप करणाऱ्या एका तरी माणसाला विचारलं होतं काय? कोणालाच विचारलं नव्हतं, हे यंत्राकडे पाहूनच कळत होतं.

मग मी स्वतःच नवी मांडणी करायला घेतली. कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजायचं, आणि जास्त येणारं मजबूत बोटाखाली आणायचं. मोजायला मराठी मजकूर हवा होता. तो माझ्या घरात ढिगाने पडला होता. दोन वर्षांतली माझी सगळी पत्रकं मी पुढे घेतली आणि वहीत एकेका अक्षराच्या रेघा ओढत गेलो. पंधरा दिवस हेच केलं. आधी पुठ्ठ्यावर बटणं काढून त्यावर बोटं आपटून पाहिली, चार वेळा पुठ्ठा बदलला. मास्तरांना ते पटलं. त्यांनी आपलं सगळ्यात जुनं यंत्र दिलं.

ठसे, म्हणजे दांड्यांच्या टोकाची धातूची अक्षरं, हलवायचे तर एका दांडीवरून उपटून दुसऱ्या दांडीवर कथलाचा डाग देऊन बसवायचे. हे काम करणारा कारागीर पुलाजवळ बसायचा. शिवणयंत्रं, स्टोव्ह, टाइपरायटर, सगळं त्याच्याकडे. माझा कागद पाहून तो म्हणाला, "अंक शिफ्टवर टाकून राहिले, भाऊ? कचेरीत तर अंकच लागते." मी त्याला सांगितलं की हे मोजून काढलं आहे. त्याने खांदे उडवले आणि डाग तापवायला घेतला.

आता तपासायला माणूस हवा होता, तोही असा की ज्याचा हात जुन्या मांडणीवर बसलेला नाही. क्लासमध्ये त्याच आठवड्यात एक मुलगी आली होती. माळ्याच्या घरची, मॅट्रिक झालेली. बाळापूरच्या रस्त्याला त्यांचा मळा होता. सकाळी बाजारात मेथी-पालक विकून ती अकराला क्लासला यायची, बोटांना माती असायची म्हणून आधी हात धुवायची. बाकीची यंत्रं तासाच्या हिशेबाने ठरलेली असत, हे जुनं यंत्र मात्र दिवसभर मोकळं. मी तिला म्हटलं, यावर शीक, हवं तेवढा वेळ बस. परीक्षेला आपलं यंत्र घेऊन जायला परवानगी असते, हेच घेऊन जा. तिने एवढंच विचारलं की यावर पास होता येईल ना. मी म्हटलं, सगळ्यांच्या पुढे जाशील.

तिला पास व्हायचंच होतं. जिल्हा परिषदेत टायपिस्टच्या जागा निघणार होत्या, त्याला सर्टिफिकेट लागत होतं. आणि या खेपेला ते आलं नाही तर क्लास बंद, असं तिच्या घरी ठरलेलं होतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तीन महिने रोज तपासणी केली. मास्तर घड्याळ धरायचे, मी वहीत चुका टिपायचो. पहिल्या आठवड्यात मी तिच्या मागे उभा राहून अक्षर कुठे आहे ते दाखवायचो. एक दिवस ती थांबली.

"भाऊ, तुमी मांगं नका उभे राहू. मले तुमचं बोट दिसते, बटन नाई दिसत."

मास्तर म्हणाले, तिचं खरं आहे, तू सांगितलंस तर तुझी तपासणी झाली, तिची कुठे झाली. मी खिडकीशी जाऊन बसलो. ते अवघड गेलं, पण बसलो. हात अडखळला की कुठे अडखळला ते ती आपण होऊन सांगायची, आणि त्यावरून मी दोन ठसे पुन्हा हलवून घेतले. तिचा वेग भराभर वाढत गेला. जुन्या यंत्रांवर सहा महिने बसलेली पोरं मागे पडली. मी नवं पत्रकही लिहून ठेवलं, त्यात तिच्या परीक्षेच्या गुणांपुरती जागा कोरी सोडली. सरावाचे उतारे अर्थात माझेच होते.

परीक्षेला पाच आठवडे उरले असताना मास्तरांनी कुठून तरी मागच्या परीक्षेचा कागद आणला. एक अर्ज आणि एक तक्ता. त्यांनी घड्याळ लावलं, ती बसली. सुरुवातीपासूनच आवाज बिघडला. टकटक थांबत होती, पुन्हा लागत होती. वेळ संपला तेव्हा अर्ज कसाबसा झाला होता आणि तक्त्याचे दोनच रकाने भरले होते. प्रत्येक अंकाला शिफ्ट दाबून धरावी लागत होती, जरा आधी सुटली की अंक ओळीच्या वर-खाली. रकाना खड्ड्यांतून गेलेल्या बैलगाडीच्या चाकोरीसारखा दिसत होता.

अर्जाची गत वेगळीच होती. मास्तरांनी तो मोठ्याने वाचला. गावाच्या आधी 'मौजे' या शब्दाचा मौ, मग तालुक्याचा ता, मग जिल्ह्याचा जि, आणि प्रत्येकाच्या पुढे टिंबाऐवजी उद्गारचिन्ह. मौ! अमुक, ता! बाळापूर, जि! अकोला.

"काहून बाई," मास्तर म्हणाले, "तहसीलदाराले धमकी देऊन राहिली काय?"

ती हसली नाही. मला कारण लगेच कळलं. माझ्या पत्रकांत पूर्णविराम जवळजवळ नव्हते. वाक्य संपलं की उद्गारचिन्ह, हा आमचा शिरस्ता. म्हणून मी उद्गारचिन्ह उजव्या हाताच्या सोप्या बोटाखाली आणलं होतं आणि टिंब वरच्या कोपऱ्यात ढकललं होतं; माझ्याच उताऱ्यांवर शिकलेलं तिचं बोट सवयीने उद्गारचिन्हावर जात होतं. पत्रकांत अंकही नव्हते, कारण आम्ही 'हजारो' आणि 'लाखो' असं लिहायचो. मी मराठी मोजली नव्हती, माझं ओरडणं मोजलं होतं.

पण हे मी त्या वेळी कबूल केलं नाही. मी वाद घातला. म्हटलं, कचेरीची ही मौ-ता-जि भाषाच मोडायला हवी, परीक्षकांना मी निवेदन देतो, मांडणी मूळची बरोबर आहे. बराच वेळ बोललो. ती यंत्रावर झाकण घालत होती. झाकण बसवून ती म्हणाली,

"मांडनी तुमची हाय, भाऊ. परीक्षा माही हाय. नापास मांडनी नाई होनार, मी होईन."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी चप्पल घालून निघून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सायकलच्या कॅरिअरला बांधून पुलाजवळ नेलं आणि सगळे ठसे मूळच्या जागी परत बसवायला सांगितलं. कारागिराने डाग तापवायला घेतला. संध्याकाळी मी यंत्र न्यायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "पाहा भाऊ, अंक खाली आले."

ते पाच आठवडे तिला फार जड गेले. तीन महिन्यांची सवय बोटांतून काढायची होती. बोट माझ्या मांडणीतल्या जागी जायचं, ती थांबायची, कागद काढून नवा घालायची. सकाळचा बाजार तिने बंद केला नाही, क्लासला मात्र मास्तर दिवे लावेपर्यंत बसायची. मी खिडकीशीही बसलो नाही. तिला लागतील ते अर्ज आणि तक्ते मी कोर्टाच्या आवारातल्या अर्जनविसांकडून मागून आणायचो आणि टेबलावर ठेवून जायचो.

परीक्षा अमरावतीला होती. तिच्या वडिलांनी यंत्र बारदानात गुंडाळून भाजीच्या टोपल्यात ठेवलं आणि एस्टीत मांडीवर धरून नेलं. निकाल आला तेव्हा ती पास होती, अगदी काठावर. मास्तर मला म्हणाले की तिचे ते तीन महिने फुकट गेले नसते तर ती पहिली आली असती. मी म्हटलं, हो. कोरी जागा सोडलेलं पत्रक मी छापायला दिलं नाही.

जिल्हा परिषदेत तिची नेमणूक झाली. पहिला महिना संपल्यावर एका रविवारी ती क्लासमध्ये आली. हातात सुतळीने बांधलेला गठ्ठा होता. टाइप करताना बिघडलेले, कचेरीतल्या केराच्या टोपलीत टाकलेले कागद: नोटिसा, तक्ते, बदल्यांचे हुकूम. महिनाभराचे तिने जमवले होते. गठ्ठा माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "आता हे मोजा."

मी वही काढली. पहिल्या रेघा टिंबाच्या खाली पडल्या.