प्लुटोसाठी हात वर करा

सर नागपूरचे होते आणि ते त्यांनी कधी कोणाला विसरू दिलं नाही. फुगवलेल्या काळ्या घुमटात मुलांना बसवून आकाश दाखवायचं, हा त्यांचा कार्यक्रम. मी त्यांची मदतनीस. घुमट पसरायचा, पंखा लावायचा, मुलांच्या चपला रांगेत ठेवायच्या. बोलायचं काम सरांचं. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं आणि घरची बोली सिंदेवाहीकडची, त्यामुळे त्यांच्या मते माझी मराठी दोन्हीकडून बिघडलेली होती. ‘तुमचं ते मले-तुले लोकांसमोर नको हं,’ असं ते मला लोकांसमोरच सांगत.

ग्रह हा शब्द आमच्या घरी फारसा नव्हताच. आम्ही बौद्ध, पत्रिका काढत नाही, त्यामुळे मंगळ-शनीची भीती घरात कधी आली नाही. मी ग्रह शिकले ते शाळेत, इंग्रजीत. कदाचित म्हणूनच मला ते फार आवडायचे, आणि त्यांच्याविषयी एकदा तरी स्वतः बोलावं असं वाटायचं.

आरमोरीच्या पुढच्या एका जंगलगावात तशी संधी येणार होती. कार्यक्रम पाहायला जिल्ह्याच्या शिक्षण विभागातल्या मॅडम येणार होत्या. ग्रहांचा शेवटचा भाग मी घ्यायचा आणि मॅडमना पटलं तर गडचिरोलीकडचे कार्यक्रम माझ्याकडे, असं सरांनी कबूल केलं होतं. मी आठवडाभर घरातल्या आरशासमोर मराठीतून बोलत होते.

घुमटात सर थांबलेच नाहीत. माझा भागही त्यांनीच घेतला. मॅडमकडे वळून वळून बोलत होते. ‘प्लुटो छोटा होता, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला काढून टाकला,’ असं त्यांनी सांगितलं. हे चूक आहे. लहान असणं हा त्याचा गुन्हा नव्हता. पण सरांना पुस्तक उघडण्यापेक्षा माइक उघडणं सोपं जायचं.

मग सगळ्यांना बाहेर ग्रामसभेच्या हॉलमध्ये बसवलं. मुलं, बाया, काही पुरुष. सर म्हणाले, ‘आता आपणही शास्त्रज्ञांसारखं मतदान करू. प्लुटो ग्रह आहे असं कोणाला वाटतं? हात वर!’ आणि माझ्याकडे पाहून, ‘तुम्ही हात मोजा.’ हा माझा भाग.

एकही हात वर झाला नाही.

सरांनी तेच पुन्हा, मोठ्यानं विचारलं. समोरचे बहिरे आहेत अशी त्यांची समजूत झाली असावी. मॅडम मोबाइल पाहू लागल्या.

पुढे बसलेली एक बाई म्हणाली, ‘सर, इथी असं नाई होत. आज अर्धं गाव मोहफुलं वेचाले गेलं आहे. ते आल्यावर ठरवू ना.’

‘अहो बाई, हे काय तुमच्या बांबूचं प्रकरण आहे? गंमत आहे ही!’

जंगलातला बांबू कधी तोडायचा, कोणाला विकायचा, हे गाव त्याच हॉलमध्ये ठरवतं; तिथे गंमत म्हणून कोणी काही ठरवत नाही, हे सरांना शेजारच्या कोणालाही विचारून कळलं असतं. तिथे मोजणी होत नाही. सगळ्यांचं पटेपर्यंत बसायचं, नाही पटलं तर पुढच्या बैठकीत पुन्हा बसायचं. सरांनी त्यांना त्यांच्याच जागेत बसवून ठरवायला सांगितलं होतं, आणि ते खरोखर ठरवू पाहत होते.

मागून एका भाऊनं विचारलं, ‘तिकडं ठरवलं तवा सारे होते का?’

‘अर्थात! जगातले सगळे शास्त्रज्ञ होते,’ सर म्हणाले.

‘नव्हते,’ मी म्हटलं.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. सर वळले. पण आता सगळे माझ्याकडे पाहत होते आणि गप्प बसणं आणखी अवघड झालं होतं. मी सांगितलं : ‘२००६ साली त्याईची मोठी बैठक होती. शेवटच्या दिवशी हे मताले टाकलं. लय लोकं तोवर घरी निघून गेले होते.’

‘प्लुटोचे अभ्यास करनारे बी?’ त्या बाईनं विचारलं.

‘त्यातले बी. ते आजवर भांडून राह्यले.’

‘भांडतीलच ना मंग.’

मग मी ग्रह ठरण्याच्या तीन अटी सांगितल्या. सूर्याभोवती फिरायला हवं. स्वतःच्या वजनानं गोल झालेलं हवं. आणि आपल्या वाटेवर त्याचाच जोर हवा, बाकीचं सगळं त्यानं ओढून घेतलेलं किंवा हटवलेलं हवं. प्लुटोच्या वाटेवर त्याच्यासारखे पुष्कळ आहेत, म्हणून तो तिसऱ्या अटीत अडकला.

‘म्हन्जे दादागिरी पाह्यजे,’ भाऊ म्हणाला. ‘मंग आमचा सरपंच पक्का ग्रह आहे!’

हॉल हसला. सरपंचही हसले. सर तेवढे हसले नाहीत.

बाईनं शेवट केला : ‘पुढच्या बैठकीत घेऊ. तवा या तुम्ही.’

परतताना गाडीत मॅडम म्हणाल्या की सीनियर माणसाला असं तोडणं बरं नाही. सर म्हणाले, ‘पब्लिक हाताळता येत नाही यांना.’ माझं गडचिरोली तिथेच संपलं. पुढच्या महिन्यात सर एका कॉलेजात हाच किस्सा सांगत होते. त्यात ‘नव्हते’ म्हणणारे तेच होते आणि गावकरी त्यांच्या पाया पडले होते. ‘आदिवासींची निरागसता,’ असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मी पंख्याजवळ उभी होते.

मोहाचे दिवस संपल्यावर त्या बाईचा फोन आला. ‘बैठक ठेवली आहे बाई, येता का?’ मी सरांना विचारलं नाही, कळवलंही नाही. एसटीनं गेले. घुमट नव्हता, माइक नव्हता. दुपारभर मले-तुले करत बोलले आणि कोणाला काही बिघडलेलं वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत जवळपास सगळ्यांचं एकमत होत आलं होतं. एक आजोबा तेवढे अडून बसले. चंद्र गोल आहे, मोठा आहे, रोज दिसतो, मग तो ग्रह का नाही, आधी ते सांगा म्हणाले. त्यांचं पटेना, म्हणून विषय पुढे ठेवला, आणि पुढची तारीख मला विचारून ठरवली.