सरळ बसवलेलं स्टिअरिंग

शिरोली एमआयडीसीच्या वाटेवर महालिंग चाकांचं अलाइनमेंट करतो. मशीन आहे, पण आधी तो टेप घेऊन उकिडवा बसतो आणि दोन्ही बाजूंना पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर मोजतो. पंचवीस वर्षांची सवय.

माझी गाडी डिव्हायडरवर आदळली तेव्हा मी त्याच्याकडंच गेलो. मोजून तो म्हणाला, "डावं चाक अर्धा इंच मागं सरकलंय. चाक धरणारा आर्म वाकलाय. बदलल्याबिगर घाटात न्यायची न्हाय."

मला ती विकायची होती आणि दुपारी एक माणूस ती बघायला येणार होता. "घरापर्यंतच न्यायचीय," मी खोटं बोललो, "स्टिअरिंग तेवढं सरळ दिसू दे." तो टेप गुंडाळू लागला. मग मी चारचौघांत आवाज चढवला, जुनं गिऱ्हाईक तोडतोस काय म्हणून. आठवलं की माझीच मला लाज वाटते. त्यानं स्टिअरिंग काढून सरळ बसवलं आणि मान वर न करता किल्ली दिली.

गाडी पेठ वडगावच्या ज्ञानूनं घेतली. चार म्हशींवर संसार करणारा साधा माणूस. "जरा डावीकडं वढती," तो म्हणाला. रस्त्याला उतार आहे, मी सांगून टाकलं. त्यानंतर मला झोप लागली नाही, असं म्हणायला आवडलं असतं. मी मजेत झोपलो.

महिन्यानं ज्ञानू दारात उभा राहिला. म्हटलं, आता शिव्या खायच्या. त्यानं खरवसाचा डबा पुढं केला.

"टायर एका बाजूनं झिजलं, म्हणून महालिंगकडं गेलतो. त्यानं गाडी वळखली, आर्म नवा घातला, पैसं घेतलं न्हाईत. म्हणाला, चूक माझी हाय, मालकास्नी काय ठावं न्हवतं. उद्या बायकोला बाळंतपणाला पन्हाळ्याला सोडाय जायचंय. घाट हाय की. गाडी चांगली दिलीसा."

ज्ञानू गेला. डबा तसाच घेऊन मी महालिंगकडं गेलो. तो कुणाच्या तरी गाडीशी टेप धरून बसला होता. मी म्हणालो, "महालिंग, माझं चुकलं."

"ज्ञानूला सांगितलासा काय?"

"नाही."

"मग हितं कशाला आलासा?" तो म्हणाला आणि पलीकडच्या चाकाकडं सरकला.

मी डबा मांडीवर घेऊन वडगावच्या एसटीत बसलो.