खुर्चीवरून उठलेले साहेब

आमचे वकीलसाहेब पुढं न्यायाधीश झाले, म्हातारपणी विद्यापीठाचे कुलपतीही झाले. पण पाया कुणाला पडू दिलं नाही. कुणी वाकलं की मागं सरायचे. म्हणायचे, "देवळात वाक. कोर्टात ताठ उभा राहा." मला ते पटायचं. वाकणं आपल्याला कधी जमलंच नाही.

साताऱ्यात त्यांची वकिली, आमचं गाव पलूसकडचं. भावकीशी बांधाचा दावा लागला, तेव्हा ते आमच्या बाजूनं उभे राहिले. आधी शेतावर आले, पँट दुमडून उसातनं सगळा बांध फिरले. मी जरा रंगवून सांगायला लागलो की म्हणायचे, "गड्या, बघितलंस तेवढंच सांग." दावा आम्ही जिंकला आणि वैर तिथनंच वाढलं.

एका सकाळी बांधावर कुऱ्हाडी निघाल्या आणि भावकीतला तरणा पोरगा गेला. गर्दीत घाव कुणाचा ते कुणालाच सांगता येईना, पण पोलिसांनी माझ्या धाकट्या भावाला उचललं. खटला सांगलीला उभा राहिला, आणि न्यायाधीश म्हणून तिथं आमचेच साहेब. घरात जीव आला. तिकडं भावकी पारावर उघड बोलायला लागली, जज्ज त्यांचाच हाय, निकाल आता आपुनच लावू. आमच्या बायका एकट्या विहिरीवर जाईनात.

पहिल्या तारखेला साहेब आले, बसले. माझ्यावरनं नजर गेली, पण ओळख दिली नाही. म्हणाले, "आरोपीच्या घरचा मी वकील होतो. हा खटला माझ्यापुढं चालणार नाही." आणि उठून आत गेले.

मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "सायेब, ऐन टायमाला सोडलंसा आमाला?"

"घरी जा. आता माझ्याशी बोलू नकोस."

त्यानंतर कितीदा साताऱ्याला गेलो, पण त्यांच्या दारात पाय ठेवला नाही. आपल्या माणसाला एवढं तोडून बोलायचं नसतं, हे मी आजही म्हणतो.

खटला दुसऱ्या न्यायाधीशापुढं चालला. घाव भावाचाच, हे काही शाबीत झालं नाही. तो सुटला. कोर्टाच्या पायरीवर मेलेल्या पोराचा बाप आडवा आला. माझी मूठ वळली.

तो भावाकडं बघत मला म्हणाला, "तुमचा सायेब बसला आसता आन ह्यो सुटला आसता, तर आमी ह्येला जिता गावात पोचू दिला नसता. आता कुनाला शिव्या देऊ?"

मग वाट सोडून तो स्टँडकडं चालायला लागला. पलूसची गाडी एकच होती. तो पुढं बसला, आम्ही मागं.