दहा नावं, एक श्वास

मीटरवाली रोज दीडशे घरांचे विजेचे आकडे टिपायची, सगळं पायी. कुठल्या जिन्याची पायरी हलते, कुठल्या दाराआड कुत्रं आहे, तिला विचारावं. चालताना तोंडानं गुणगुण चालूच. लोकांना वाटायचं, सिनेमाचं गाणं असेल. असायची ती ज्यूंच्या पुरीम सणाला वाचतात ती राणीची गोष्ट, हिब्रूत, अगदी चालीसकट. सिनेगॉगच्या मागच्या बाकावर बसून, ऐकून ऐकून पाठ केलेली. कोणी शिकवलं नव्हतं आणि तिनं कोणाचे पायही धरले नव्हते.

थंडी सरता सरता पुरीम आला आणि वाचणारे गुरुजी नेमके तापानं आडवे. सिनेगॉगमध्ये दुसऱ्या कोणीतरी कसंबसं निभावलं. पण खुबा मोडून पाचव्या मजल्यावर पडलेल्या तिच्या आत्याला वाचून कोण दाखवणार?

"आजारी माणसाला माफ असतं," सिनेगॉगचे कारभारी म्हणाले.

"माफी तुम्हाला हवीय, तिला नाही. सत्तर वर्षांत तिचा एक पुरीम चुकलेला नाही. गोष्टीची गुंडाळी द्या, मी वाचते."

"तू?"

"का, माझ्या तोंडाला कुलूप आहे?"

कारभाऱ्यांनी चर्मपत्राची गुंडाळी दिली, पण चेहरा असा, जणू हिनं त्यांची किडनीच मागितली.

शेवटची गल्ली आटपून ती धावतच आत्याच्या इमारतीत शिरली. लिफ्ट बंद. पाच मजले चढून वर पोचली तेव्हा छातीचा भाता झाला होता. आत्या मांडीवर पातेलं घेऊन तयार. गोष्टीतल्या दुष्ट वजिराचं नाव आलं की गोंगाटात ते बुडवायचं, हा रिवाजच.

"धापा काय टाकतेस? सूर्य बुडायच्या आत संपलं पाहिजे."

वाचन सुरू झालं. वजिराच्या नावाला आत्या पातेलं असं बडवी की पुढचे दोन शब्दही बुडत.

"मागे जा. ऐकू नाही आलं."

"तूच बडवतेस ना!"

"मग मोठ्यानं वाच."

मग आली वजिराच्या दहा मुलांची नावं. रिवाजानं ती एका श्वासात म्हणायची असतात. आठव्या नावाला मीटरवालीचा दम संपला.

"पुन्हा."

"आत्या, जिना चढून आलेय मी!"

"जिन्यानं काय नावं कमी होतात का?"

समोरच्या पाण्याच्या टाकीवर हातभर ऊन उरलं होतं. मीटरवालीच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं खिडकी धाडकन उघडली, गार वारा पोटभर ओढून घेतला आणि दहाच्या दहा नावं एका दमात म्हणून टाकली. आत्यानं हातानंच 'पुढे' अशी खूण केली. मग उरलेलं सगळं न अडखळता झालं. शेवटचा शब्द संपला तेव्हा टाकीच्या काठावर अजून ऊन होतं.

आत्या पातेल्यावर बोट फिरवत बसली.

"गुरुजी नववं नाव गिळतात," ती म्हणाली. "कधीपासून ऐकतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"दुसरं होतं कोण वाचायला?" आत्यानं चादर ओढली. "पुढच्या वर्षी दुपारीच ये. एवढी घाई मला चालत नाही."