बुटाच्या काठावरची लोकर

मावशीच्या शेजारच्या रोझीचा फोन आला तेव्हा मी सावंतवाडीला शाळेतून नुकतीच घरी पोचले होते. "शेवंतीमावशी गेली गो," ती म्हणाली, मागे आरोंद्याच्या खाडीवरचा वारा ऐकू येत होता. शेवंतीमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. दुपारी जेवून ओट्यावर विणत बसली आणि भिंतीला टेकल्या टेकल्या गेली. त्याला आता महिना होऊन गेला.

क्रोशा मला तिनेच शिकवला. तिचा एकुलता एक मुलगा नितीन मालवाहू जहाजावर लागला, आणि उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड समुद्रातून त्याचा फोन आला, "आये, बुटात वरसून वारो शिरता." तसले बूट मावशीने कधी पाहिलेही नव्हते. तिने गेलेल्या काकांचा शेतातला गमबूट धुऊन घेतला आणि त्याच्या मापाने लोकरीचे दोन रुंद पट्टे विणले, अर्धे बुटाच्या आत, पोटरीला धरून, आणि अर्धे बाहेर काठावर दुमडलेले. साध्या खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या, विणीतून वारा शिरेल म्हणून तिने उठावाचे जाड खांब घातले, मधून दोरासारखा पीळ फिरवला. आमच्या उकाड्यात, मांडीवर लोकर घेऊन, पदराने घाम पुसत... नितीनने ते घालून फोटो पाठवला तेव्हा तिने तो अख्ख्या वाडीला दाखवला.

पुढच्या हिवाळ्यात तो डेकवरून समुद्रात पडला. शोध घेतला, सापडला नाही. नातेवाईक म्हणाले, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून टाकू. मावशी शांतपणे म्हणाली, "माजो झील हाडामासाचो होतो. गवताचो जाळूक मी देवचंय नाय." क्रिया झालीच नाही. त्यानंतर ती मला हळूच सांगायची, "दारात येवन उभो रवता गो. हाक मारलंय काय पाठ फिरवता." मी दाराकडे बघत नसे.

एका दुपारी मी तिथे असताना फाटकाशी खरंच एक तरुण येऊन उभा राहिला. मावशी ताडकन उठली... तो वालावलचा विनायक होता, नितीनबरोबर जहाजावर असलेला. त्याने पिशवीतून ते पट्टे काढून तिच्यापुढे ठेवले. "त्या दिवशी माका ताप होतो, मावशी. तेना आपले काढून माका घातल्यान, आणि माज्या जाग्यार कामाक गेलो."

मावशीने पट्ट्यांवरून हात फिरवला. "तुजे पाय उबदार रवले?"

"रवले."

"मगे बरा केल्यान. ठेय तुज्याकडेच. आणि आता जेवन जा."

त्याला पोटभर वाढलं. तो गेल्यावर मात्र ती माझा हात धरून म्हणाली, "तेचे पाय उघडे रवले गो." त्या संध्याकाळी तिने त्याच मापाची नवी जोडी सुरू केली. पुरी होत आली की उसवायची, पुन्हा घालायची. लोकर झिजून तिला कापसासारखे धागे सुटले होते. नितीन अजून येतो का, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "येता. आता पाठ फिरवणा नाय. नुसतो आपल्या पायांकडे बघता."

रोझीच्या फोननंतर मी आरोंद्याला पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. अग्नी द्यायला विनायक आला होता. तिच्या मांडीवरून काढलेलं विणकाम रोझीने जपून ठेवलं होतं. एक पट्टा पुरा, दुसऱ्याच्या काही ओळी राहिलेल्या. विनायकाने ते माझ्या हातात दिलं. "पुरो कर गो ताय. आता तिची नि तेची भेट होतली."

उशीर होतोय, कुणीतरी पुटपुटलं, पण कुणी मला उठवलं नाही. मी तिच्या उशाशी बसून विणत राहिले, पुरुषमाणसं माडांखाली थांबली. शेवटचा खांब घालून मी धागा दाताने तोडला. विनायक वाकला, जोडी तिच्या हातांखाली सरकवली आणि जिवंत माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "मावशी, तेका आधी ह्ये घाल हां."

सुई माझ्या हातातच राहिली, ती आता माझ्याकडे आहे. परवा भाचीसाठी टोपी विणायला घेतली... टाक्यांच्या साखळीचा वेढा जोडून पाहिला, तर तो त्या गमबुटाच्या मापाचा पडला होता.